आपल्या घराचा शरभ

गडकिल्ले फिरणाऱ्यांना शरभ नवा नाही. सिंहासारखं अंग, फुगवलेली छाती, कुठे खांद्यापाशी दोन आखूड पंख आणि पंजाखाली हत्ती. जंजिऱ्याच्या मुख्य दरवाजाशी असलेल्या शिल्पात तर त्या जनावरानं पंजांत हत्ती दाबून धरलेत आणि शेपटीतही एक गुंडाळलाय. हत्ती एवढेसे, जनावर अवाढव्य. प्राणिशास्त्राच्या हिशेबात यातलं काहीच बसत नाही. तरीही तो दगड खोटा वाटत नाही, कारण घडवणाऱ्याला त्या प्राण्याचं काम पक्कं ठाऊक होतं. या दरवाजातून आत येणाऱ्याला इथे सत्ता कोणाची आहे, हे त्यानं सांगायचं.

दोन-तीन प्राण्यांचे अवयव एकत्र करून स्वतःचा कल्पित प्राणी रेखाटण्याची हौस शाळकरी मुलांपासून निवृत्त माणसांपर्यंत अनेकांना असते. पण बहुतेकांचे प्राणी एका चित्रातच संपतात. गरुडाचं डोकं, घोड्याचं धड, ड्रॅगनचे पंख, तोंडातून आगीचा लोळ. पुढच्या पानावर याच प्राण्याचं काय करायचं, ते सुचत नाही. म्हणून माझा आग्रह असा की आधी प्राण्याला काम द्या. काम ठरलं की अवयव निवडणं सोपं जातं आणि तोच प्राणी पुन्हा काढायला कारण मिळतं. पुन्हा पुन्हा काढला तरच तो तुमच्या घरचा होतो.

आपल्याकडचे जुने प्राणी या नजरेनं पाहा. मकराला हत्तीची सोंड, मगरीचा जबडा आणि माशाची शेपटी असते. तो पाण्याचा, म्हणून गंगेचं वाहन. वेरूळच्या कैलास लेण्यात गंगा मकरावर उभी आहे. देवळाच्या गाभाऱ्यातलं तीर्थ बाहेर काढणाऱ्या पन्हळीलाही कितीतरी ठिकाणी मकराचं तोंड दिलेलं असतं. कीर्तिमुखाची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. भुकेनं वखवखलेल्या त्या जिवाला शंकरानं स्वतःलाच खायला सांगितलं आणि त्यानं हातपाय, धड सगळं खाऊन टाकलं. उरलं ते फक्त तोंड. ते तोंड आजही गाभाऱ्याच्या उंबरठ्यावर दिसतं. त्याला धड का नाही, याचं उत्तर गोष्टीतच आहे. तुमच्या प्राण्याच्या प्रत्येक अवयवामागे असं एखादं उत्तर असलं पाहिजे.

आणखी एक प्राणी मुद्दाम सांगतो, तो ओडिशातला नवगुंजर. पंधराव्या शतकात सारळा दासांनी रचलेल्या ओडिया महाभारतात तो येतो. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, शेपटीच्या जागी साप, तीन पाय तीन वेगळ्या जनावरांचे आणि चौथ्या पायाच्या जागी माणसाचा हात. अर्जुन हे विचित्र जनावर मारायला धनुष्य उचलतो, तेवढ्यात त्याला तो कमळ धरलेला मानवी हात दिसतो आणि हा कृष्ण आहे हे तो ओळखतो. रघुराजपूरचे पट्टचित्रकार आजही नवगुंजर काढतात. नऊ अवयवांचा हा पसारा डोळ्याला खुपत नाही, कारण मानेपासून शेपटीपर्यंत एकच वळणदार रेघ वाहते आणि सगळ्या भागांवरची नक्षी एकाच हातानं केलेली असते. आपण नवशिक्यांनी नऊच्या वाटेला जाऊ नये. पण तो हात लक्षात ठेवावा. कितीही अनोळखी प्राणी असला, तरी पाहणाऱ्याला ओळख पटेल अशी एक खूण त्यात ठेवायची.

देवतांची रूपं शास्त्रानं आणि श्रद्धेनं बांधलेली आहेत. नृसिंहाला किंवा हयग्रीवाला हात लावून नवा प्राणी करण्यात मला स्वारस्य नाही. दरवाजे, पन्हळी, उंबरठे राखणारे हे बिनपूजेचे प्राणी आपल्यासाठी चांगले गुरू आहेत.

काम शोधायला लांब जाऊ नका. गावाकडच्या विहिरीची राखण, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीची राखण, परीक्षेच्या दिवसांत अभ्यासाच्या टेबलावरचा पहारा, आजीच्या गोळ्यांच्या वेळा सांभाळणं, यांतलं काहीही चालेल. परदेशात स्थायिक झालेल्या कुटुंबांना तर आयती सोय आहे: राहिलेल्या प्रत्येक गावातला एक अवयव घ्यायचा. भीमाशंकरच्या शेकरूची झुपकेदार शेपटी आणि अमेरिकेतल्या परसात रात्री कचऱ्याचे डबे उघडणाऱ्या रॅकूनचे पंजे, असा प्राणी त्या घराचा इतिहासच सांगेल.

काम ठरलं की प्राणी निवडायचे, आणि ते पाहिलेले असावेत. लिओनार्दो दा विंचीनं आपल्या वहीत कल्पित प्राणी खरा वाटावा यासाठी हाच उपाय लिहून ठेवलाय: ड्रॅगन काढायचा असेल तर डोकं शिकारी कुत्र्याचं घ्या, डोळे मांजराचे, कान साळिंदराचे, मान कासवाची. थोडक्यात, प्रत्येक तुकडा खऱ्या प्राण्यावरून उचला. त्याच्या तरुणपणाची एक गोष्ट चरित्रकार वासारीनं सांगितली आहे. वडिलांनी आणलेल्या ढालीवर राक्षसी प्राणी रंगवण्यासाठी त्यानं पाली, रातकिडे, साप, फुलपाखरं, टोळ, वटवाघळं खोलीत गोळा केली, आणि ती मरून सडू लागली तरी त्याचं लक्ष कामावरून हललं नाही. आपण जिवंत प्राण्यांना त्रास न देता ही मेहनत करू शकतो. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात निसर्गेतिहासाचं दालन आहे. तिथे प्राणी हलत नाहीत, त्यामुळे पंखाची घडी किंवा पंजाची नखं निवांत काढता येतात. पुण्याच्या राजा केळकर संग्रहालयात दिव्यांवर, अडकित्त्यांवर पशुपक्ष्यांचे आकार किती सहज बसवलेत ते पाहण्यासारखं आहे. आणि गोठा, मासळीबाजार, चौकातलं कुत्रं, हे तर रोजचं आहे. मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण आधी पेन्सिल चालवा. फोटोत सांधा कुठे वळतो ते कळत नाही.

आता एक प्राणी शेवटपर्यंत नेऊन पाहू. काम: विहीर राखणं. राखणदाराला दगडी भिंतीवरून चढता-उतरता आलं पाहिजे, म्हणून घोरपड. कोणी परकं आलं की रात्रीसुद्धा ओरडता आलं पाहिजे, म्हणून टिटवी. आणि पाठीवर कोणी दगड मारला तरी काही होता कामा नये, म्हणून खवले मांजर. तिघांना सारखी जागा द्यायची नाही. एक प्राणी मुख्य, निम्म्याहून जास्त; दुसरा सोबतीला; तिसरा चिमूटभर. सारखे वाटे केले की डोळा कुठे थांबायचं ते विसरतो. इथे अंग, पाय आणि शेपटी घोरपडीची, डोकं टिटवीचं, खवले फक्त कण्याच्या रेघेवर.

पहिला मोह होतो तो टिटवीचे लांब पिवळे पाय द्यायचा. देऊन पाहा. घोरपडीचे पाय अंगाच्या बाजूंना, कोपरं बाहेर काढून पसरलेले असतात, पोट जमिनीलगत. पक्ष्याचे पाय अंगाखाली असतात. ते जड धड त्या काड्यांवर उभं राहत नाही, कितीही सुबक काढलं तरी. शिवाय भिंत चढायला नखं हवीत. काम पुन्हा विचारलं की पाय घोरपडीचेच ठरतात.

खरी कसोटी मानेत आहे. टिटवीची मान बारीक, घोरपडीची जाड, गळ्याशी सैल घड्या पडलेली. बहुतेक जण इथे आडवी रेघ मारून वर पिसं, खाली खवले काढतात आणि प्राणी टोपी घातल्यासारखा दिसतो. त्याऐवजी टिटवीकडे नीट पाहा. तिचं डोकं, गळा, छाती काळी असते आणि डोळ्यामागून एक पांढरा पट्टा मानेच्या बाजूनं खाली उतरत जातो. हा पट्टा तुमच्या कामाचा आहे. तो मानेवर थांबवू नका. तसाच घोरपडीच्या खांद्यापर्यंत न्या आणि वर पांढरी पिसं असतील तिथे खाली त्याच ओळीतले खवले फिके करा. पाहणाऱ्याची नजर पट्ट्यावरून घसरत खाली जाते आणि जोड कुठे आहे हे तिला सापडत नाही. पिसंही एकदम संपवायची नाहीत. कानापाशी दाट, मानेच्या मध्यावर विरळ, खांद्यापाशी खवल्यांच्या फटींतून एखाद-दुसरं डोकावणारं, अशी उतरत न्यायची. चोचीमागची लाल पाळी, म्हणजे डोळ्यापुढची ती मांसल टोकं, ठळक ठेवा. ओळख पटवणारी खूण इथे तीच आहे.

असे जोड निसर्गानं स्वतः करून ठेवलेत, आणि या कामातला सगळ्यात मोलाचा अभ्यास मला तोच वाटतो. कोंबडीचा पाय घ्या. पिसं जिथे संपतात आणि खवले सुरू होतात, तिथे शेवटची पिसं आखूड आणि बारीक होतात आणि पहिले खवले लहान, गोल असतात. खाली नळीवर मात्र ते मोठे, आडवे, एकावर एक चढलेले दिसतात. वटवाघळाच्या अंगावरची लव पंखाच्या पडद्यावर थोडी पुढे येऊन मगच विरते. खवले मांजराच्या पोटावर खवले नसतातच. तिथे कातडी आणि केस असतात, आणि कडेच्या खवल्यांमधूनही राठ केस डोकावतात. म्हशीच्या शिंगाच्या मुळाशी केसांचा एक घेर असतो, मग खडबडीत कडा, मग गुळगुळीत शिंग. असा एकेक जोड वहीच्या एकेका पानावर मोठा करून काढा, तळहाताएवढा तरी. अशी दहा-बारा पानं भरली की कोणताही प्राणी कोणत्याही प्राण्याला जोडता येतो.

कण्यावरच्या खवल्यांबद्दल एक हाताची युक्ती. खवल्यांची टोकं शेपटीकडे असतात आणि डोक्याकडचा खवला मागच्याच्या मुळावर चढलेला असतो. म्हणून डोक्याकडून सुरुवात करा, पहिला खवला पूर्ण काढा, पुढचा त्याच्या खालून बाहेर येऊ द्या. उलट दिशेनं गेलात तर खोडरबर हातातून सुटणार नाही. पाठ वळते तिथे खवले फाकतात आणि आतल्या बाजूला दाटतात. एवढं साधलं तरी पाठ खरोखर वळल्यासारखी दिसते.

पंखांचं प्रकरण वेगळं. पक्ष्याचा पंख म्हणजे त्याचा पुढचा पाय, आपल्या भाषेत हात: दंड, कोपर, मनगट, बोटं. उडण्याची मोठी पिसं हाताच्या पंजाला लागलेली असतात, त्यामागची कोपरापासून मनगटापर्यंतच्या भागाला. चार पायांच्या जनावराला पंख दिले की त्याला सहा अवयव झाले आणि त्या जादा जोडीला खांदा, छातीचं हाड, स्नायू कुठेतरी हवेत. पाठीच्या मध्यातून पिसं उगवलेली दाखवली की प्राण्यानं पंख पाठीला बांधलेत असं वाटतं. मी दोनच वाटा मानतो. एक, शरभासारखे छोटे पंख, जे उडण्यासाठी नाहीतच; ते अलौकिकत्वाची खूण आहेत आणि अलंकारासारखे, ठाशीव नक्षीत काढायचे. दुसरी, खरे उडणारे पंख, आणि मग त्याची पूर्ण किंमत मोजायची: खांद्याच्या हाडामागे दुसरा खांदा, भरदार छाती, आणि पंखांचा विस्तार अंगाच्या कितीतरी पट. उडणाऱ्या पक्ष्यांत माळढोक अतिशय जड मानला जातो आणि त्याचा मोठा नरही १५ किलोच्या आसपास थांबतो. सिंह दीडशे किलोंच्या पुढे. या आकड्यांनी कल्पनेला आडकाठी करायची नाही, पण पंख केवढे हवेत याचा अंदाज येतो. मधली वाट, म्हणजे शोभेएवढे पंख आणि उडण्याची ऐट, टाळा.

पायांत एक चूक सर्रास दिसते. कुत्रा किंवा घोडा यांच्या मागच्या पायात जो उलटा वळलेला गुडघा वाटतो, तो गुडघा नसतो, घोटा असतो. गुडघा वर पोटापाशी असतो. अस्वल तळव्यावर चालतं, मांजर बोटांवर, घोडा खुरावर म्हणजे नखावर. पुढचे पाय एका चालीचे आणि मागचे दुसऱ्या चालीचे दिले तर उंची जुळवून घ्यावी लागते, एवढं ध्यानात असू द्या.

कच्चं चित्र झालं की त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून फक्त बाहेरचा आकार काळ्या शाईनं भरा. नुसत्या काळ्या आकारावरून प्राणी ओळखता आला तर पुढे जा. सगळं गोळा झालेलं दिसलं तर शेपटी अंगापासून सुटी करा, चोच बाजूनं दाखवा, एक पंजा उचला. आणखी एक तपास: धडाच्या जड भागातून सरळ खाली उभी रेघ टाका. ती टेकलेल्या पावलांच्या मध्ये पडली पाहिजे. नाहीतर प्राणी पडतोय असं वाटेल. घोरपडीची जाड शेपटी वजन तोलायला इथे कामी येते.

साहित्याला फार महत्त्व देऊ नये. एचबी आणि टूबी पेन्सिली, पाण्यात न पसरणारी काळी शाई, शून्य आणि दोन नंबरचे ब्रश, पोस्टर रंग पुरतात. कागद मात्र जाड घ्या. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद शाई छान धरतो. रंगांबाबत माझी आवड सांगतो. तुमच्या प्राण्याच्या जागेतून रंग उचला. कोकणातला असेल तर जांभ्याचा तांबडा आणि शेवाळाचा हिरवा, देशावरचा असेल तर काळा कातळ आणि वाळलेल्या गवताचा पिवळा. तीन रंगांच्या वर गेलात की जोड पुन्हा उघडे पडू लागतात, कारण प्रत्येक अवयव आपापला रंग घेऊन बसतो.

आता परंपरेचं. एकट्या माणसाच्या हातून ती कशी उभी राहते याचं उत्तम उदाहरण मेक्सिकोचं आहे. मेक्सिको सिटीतले पेद्रो लिनारेस कागदाच्या लगद्याचे पुतळे करणारे कारागीर. १९३६ मध्ये ते फार आजारी पडले आणि तापाच्या ग्लानीत त्यांना पंखांची गाढवं, शिंगांचे कोंबडे असे प्राणी दिसले. ते प्राणी ‘आलेब्रिहे’ असं ओरडत होते. बरं झाल्यावर त्यांनी ते प्राणी लगद्यातून घडवले. घरच्यांनी ते काम पुढे चालवलं, ओआहाकातल्या सुतारांनी तेच लाकडात आणलं, आणि १९९० मध्ये लिनारेसना मेक्सिकोचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. ते प्राणी आज त्या देशाची ओळख आहेत. स्वप्न एका माणसाचं होतं, पण ते त्यानं जन्मभर घडवलं, म्हणून ते टिकलं.

आपल्या घरांत वर्षाला एक चित्र लावायची सवय मुळात आहेच. श्रावणात जिवतीचा कागद भिंतीवर लागतो. त्यात नृसिंह असतो, कालियामर्दन करणारा कृष्ण असतो, हत्तीवर आणि वाघावर बसलेले बुध-बृहस्पती असतात. नागपंचमीला पाटावर नाग काढतात. दिवाळीत मुलं मातीचा किल्ला करतात, पण त्याच्या दरवाजावर शरभ क्वचितच दिसतो. तिथून सुरुवात करा. पुठ्ठ्यावर चिकटवलेला, बोटभर उंचीचा, तुमच्या घराचा राखणदार. दरवर्षी नवा प्राणी शोधू नका. तोच काढा, आणि वर्षभरात घरात जे घडलं त्यातली एक गोष्ट त्याच्या अंगावर आणा. बाळ जन्मलं तर पाठीवर पिल्लू, घर बदललं तर पायाला नव्या गावाची माती, कोणी गेलं तर शेपटीवर एक कडं.

आकार आणि चौकट मात्र कायम ठेवा. याबाबत सावंतवाडीच्या गंजिफाकडे पाहावं. लहान गोल पानं, सपाट रंग, कडेला ठरलेली किनार. दशावतारी गंजिफात दहा रंगांची प्रत्येकी १२, अशी १२० पानं असतात, आणि मत्स्यापासून कल्कीपर्यंत सगळे अवतार त्या एवढ्याशा गोलात मावतात. मत्स्य, वराह, नृसिंह एका ओळीत ठेवून पाहिले की अर्धा माणूस आणि अर्धं जनावर कुठे मिळवायचं, याचे कितीतरी तोडगे सापडतात. तुम्हीही एक माप धरा, समजा वाटीच्या घेराएवढा गोल, आणि दरवर्षीचं पान त्याच मापाचं करा. मागे वर्ष, जागा, वापरलेले तीन प्राणी आणि त्या वर्षी काय बदललं ते दोन ओळींत लिहा. पानं डब्यात ठेवताना मध्ये बटर पेपर घाला आणि डबा ओलीपासून जपा. कोकणातल्या पावसाळ्यात पोस्टर रंगांवर बुरशी धरते.

घरातलं दुसरं कोणी हा प्राणी काढू म्हणालं, तर त्याला आधीची पानं पाहू द्या, पण गिरवू देऊ नका. प्राण्याचं काम सांगा, ओळखीची खूण सांगा, कोणते तीन प्राणी ते सांगा आणि कोरं पान हातात द्या. सात-आठ वर्षांच्या मुलाची टिटवी कावळ्यासारखी झाली तरी त्यावर दुरुस्तीची पेन्सिल चालवायची नाही. ते पान त्याच डब्यात, त्याच क्रमात ठेवा आणि मागे त्याचं नाव त्यालाच लिहू द्या.